नाळेतला श्वास

नागपूरच्या शाळेत मी जीवशास्त्र शिकवायचो. मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, बेडूक कातडीनेही घेतो, आपण फुप्फुसांनी. प्राणवायू रक्तात जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. यात तुझा देव कुठे बसतो, असं मी बायकोला चिडवायचो. ती हसायची आणि रामटेकच्या रामाला हात जोडायची. आमचं पहिलं मूल न रडताच गेलं, तेव्हापासून मी चिडवणंही सोडलं. मनातून त्या रामावर रुसलो होतो.

१९७०च्या आसपासची ही गोष्ट. बायको दुसऱ्या बाळंतपणाला पारशिवनीला माहेरी होती. दिवस भरत आले म्हणून तिला नागपूरच्या दवाखान्यात आणायला गेलो. तिला घेऊन परतताना भर दुपारी एसटी वाटेत बंद पडली आणि तिथेच तिला कळा सुरू झाल्या. भाजीची टोपली घेऊन बसलेल्या एका म्हातारीने सगळ्यांना खाली उतरवलं, मला तेवढं थांबवून घेतलं.

मुलगी झाली. रडली नाही. अंग निळसर. मला पहिलं बाळ दिसू लागलं. सासूबाईंनी पिशवीत बांधून दिलेलं नवं ब्लेड मी काढलं. नाळ कापायची, लेकराला उचलायचं आणि मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठायचा, एवढंच सुचत होतं. म्हातारीने माझं मनगट धरलं.

“थांबा भाऊ. नाळ उडून राहिली, पाहा. माय अजून लेकराले श्वास देऊन राहिली. तुम्ही काहून तोडता?”

तिने माझं बोट नाळेवर टेकवलं. ठोके लागत होते. पोटातल्या बाळाची फुप्फुसं कामाला लागलेली नसतात, त्याला आईच्या रक्तातून नाळेवाटे प्राणवायू मिळतो, हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवत असे. आणि नेमकं तेच कापायला निघालो होतो. मला माझीच लाज वाटली. म्हातारी बाळाचं तोंड पुसून पाठ चोळत राहिली. मी डोळे मिटून म्हणालो, रामा, आता तूच बघ. थोड्या वेळाने मुलगी रडली. मग म्हातारीनेच दोरा बांधून नाळ कापली.

आम्हाला एक ट्रक मिळाला. निघताना वळून पाहिलं, तर ती टोपली डोक्यावर घेऊन चालू लागली होती. नाव विचारायचं राहूनच गेलं. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही. मी घाईने तोडत होतो ते कुणीतरी तुटू दिलं नाही, एवढं कळतं.

मुलगी पाच वर्षांची झाल्यावर आम्ही रामटेकला गेलो. ती पायऱ्या भराभर चढली, मला धाप लागली. गाभाऱ्यापुढे मागायला काही सुचेना. छाती आपली वरखाली होत होती, मी न सांगता. तेवढ्यासाठीच हात जोडले.