काडतूस आमचं, बोट त्यांचं

आचारसंहिता लागली की आमच्या मोर्शीकडे संत्र्याच्या बागवाल्यांची ठाण्यात रीघ लागते. रानडुकरांसाठी परवान्यावर घेतलेल्या बंदुका निकालापर्यंत जमा कराव्या लागतात. सासऱ्यांची एकनळी बंदूक चादरीत गुंडाळून, त्यांना मागे बसवून स्कूटीवर नेणं हे माझं काम.

मला त्या बंदुकीची चीड आहे. दोन वर्षांपूर्वी पुसताना ती अंगणात उडाली आणि पाण्याच्या टाकीची चाळणी झाली. कुणाला ओरखडाही आला नाही, पण सासरे स्वतःच ठाण्यात सांगून आले. मग गुन्हा, तारखा आणि शेवटी ताकीद, की पुन्हा असं झालं तर परवाना कायमचा जाईल. बंदुकीशिवाय बाग राखणं म्हणजे डुकरांना जेवायला बोलावणं.

म्हणून निघताना मी दोनदा विचारलं, "मामाजी, रिकामी आहे ना?"

"आहे वं बाई."

ठाण्यातल्या हवालदारांनी ती हातात घेतली, नळी उघडून न बघताच भिंतीकडे धरली आणि घोडा दाबला. खोली हादरली, गिलावा खाली पडला. रात्री बागेत भरलेलं काडतूस आत राहिलं होतं.

हवालदार पांढरेफटक पडले. मग हळूच म्हणाले, "काका, कोनाले लागलं नाई. तुमी गप, मी गप. घरी जा."

देव पावला! मी चादरीची घडीसुद्धा घालायला लागले. सासरे जागचे हलले नाहीत.

"तवाबी कोनाले लागलं नव्हतं. तरी माह्यावर गुन्हा लिवला. आता काहून नाई? काडतूस माहं, बोट तुमचं. दोघायचं लिवा."

"माही नोकरी जाईन, काका."

"माहा परवाना जाईन."

स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची ही त्यांची दुसरी खेप. मला भयंकर राग आला. तेवढ्यात आवाज ऐकून ठाणेदार आले, माझ्यापुढे कागद सरकवला आणि पाहिलं ते लिहा म्हणाले. काडतुसाची ओळ गाळावी, असं फार वाटलं. सासरे माझ्याकडेच बघत होते. मी दोन्ही लिहिलं.

निकालानंतर आम्ही पुन्हा गेलो. सासऱ्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून ते बाहेर स्कूटीजवळच थांबले. आत तेच हवालदार त्याच टेबलाशी बसून लोकांच्या बंदुका परत देत होते. माझ्या हातात परवाना रद्द झाल्याचा आदेश आला. तुमच्यावरच्या गुन्ह्याचं काय झालं, असं हवालदारांना विचारलं, तर तसा कागदच नाही म्हणाले. त्यांच्या मागे, त्याच भिंतीवर, मोठं कॅलेंडर टांगलेलं होतं. मी सरळ ते उचलून पाहिलं. खाली नवा गिलावा होता.

बाहेर येताच सासऱ्यांनी विचारलं, "त्या बिचाऱ्याची नोकरी तं नाई गेली ना?"

"नाही मामाजी. तिथंच आहेत."

"बरं झालं," ते म्हणाले. "मंग आपला परवानाबी नाई जात. बंदूक आज नाई तं उद्या भेटन."

आदेश माझ्या पर्समध्ये होता. मी स्कूटी सुरू केली.