रुमालाखालची बोटं

गेल्या वर्षी बाजारात एका दलालाने मला मेंढ्याच्या सौद्यात फसवलं. तो राग अजून डोक्यात आहे. म्हणून या चैत्रात मी दलाल टाळून पिंगळीच्या माळावर एका म्हाताऱ्या धनगराकडे मेंढा घ्यायला गेलो.

आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबायची. दहा हजारांच्या वर जितके हजार, तितकी बोटं. तो चारवर अडला होता, मी तीनवर.

तेवढ्यात परतीला निघालेल्या भोरड्या आल्या. गुलाबी-काळा थवा आभाळभर पसरला, एकदम वळला आणि बाभळींवर उतरून कलकलाट करू लागला. म्हातारा पटका मागे सारून तोंडभर हसत होता. मलाही हसू फुटलं आणि त्या भरात मी त्याचा अख्खा पंजा आवळला. म्हणजे पाच. माझं हसू जागीच थांबलं.

"पाखरं बघताना दाबलेली बोटं मी धरत न्हाई, मालक," तो वर बघतच म्हणाला. "ती गप झाली की नीट सांगा."

तीनच्या वर जायचं नाही, असं घरूनच ठरवून आलो होतो. भोरड्या शांत झाल्यावर मी त्याची चार बोटं दाबली.