लाल टिकलीची पट्टी

फोन आला तेव्हा मी नसरापूरच्या माझ्या दुकानात एका बाईंचा पासपोर्ट फोटो काढत होतो. पलीकडून शंकरतात्यांची मुलगी सुनी एवढंच म्हणाली, "काका, तात्या गेले..." खोटं कशाला सांगू, मला रडू आलं नाही, आधी भीतीच वाटली. तात्यांच्या कॉम्प्युटरमध्ये मी एक लबाडी करून ठेवली होती आणि आता कबूल करायची सोयही उरली नव्हती. बाईंचे फोटो तीनदा हलले.

तात्या भोंगवलीचे शेतकरी, पण आमच्या भागात त्यांची ओळख व्हायोलिनवाले अशीच. तरुणपणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात शिकले आणि पुढे काढणीच्या घाईतसुद्धा संध्याकाळी तासभर गज फिरवल्याशिवाय जेवायला बसले नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. तिसऱ्याच दिवशी ते एसटीनं माझ्या दुकानात आले, हात खिशात कोंबून बसले. मी लग्नाचे व्हिडिओ जोडतो, त्यांना संगीत लावतो, एवढ्यावर त्यांना मी मोठा इंजिनियर वाटायचो. "दिल्या, हात जायच्या आत त्यो कॉम्प्युटरात भरून ठिवायचा," ते म्हणाले. "मंग म्या येका बोटानं पट्टी दाबीन, पन वाजंल ते माजंच. जमंल का न्हाई, सांग." त्यांचे डोळे बघून मी घाबरलो आणि हो म्हणालो. उभ्या आयुष्यात तो माणूस कधी कुणाला भ्यालेला मी पाहिला नव्हता.

माझा जुना कॉम्प्युटर आणि त्याला जोडायचा, पेटीसारख्या पट्ट्यांचा कीबोर्ड भोंगवलीला नेला. काम किचकट होतं. एकेक सूर गजाच्या प्रत्येक तऱ्हेनं वाजवून रेकॉर्ड करायचा. तुटक झटके वेगळे, बोटानं छेडलेले वेगळे, लांब गज वेगळा. मग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक तऱ्हेला कीबोर्डच्या डाव्या टोकाची एक पट्टी नेमून द्यायची. ती पट्टी स्वतः वाजत नाही. ती दाबली की उजव्या हाताला कुठला गज मिळणार ते ठरतं. तात्यांच्या लक्षात राहीना, म्हणून सुनीनं स्वतःच्या टिकल्या चिकटवल्या: झटक्याला हिरवी, छेडण्याला पिवळी, लांब गजाला लाल. "आरं, कीबोर्डाचं लगीन लावलं हिनं!" म्हणून तात्या पोट धरून हसले. त्या घरात हसू ऐकून मलाही जरा धीर आला.

चूक तिथंच झाली, आणि ती आम्हा दोघांची. अवघड ते आधी उरकायचं ठरवलं. लांब गजाचं काय, तो तर तात्यांना झोपेतही यायचा! तो ठेवला शेवटाला. वीज जायची, शेजारी मोटार सुरू व्हायची, माझ्या लग्नसराईत महिने गेले. लाल टिकलीची पाळी आली तेव्हा हात पार गेलेला. गज तारेवर टेकवला की सूर थरथरायचा, सरळ रेष निघेचना. पुन्हा, पुन्हा... चाळीसेक वेळा केलं असेल. शेवटी तात्यांनी गज खाली ठेवला आणि हात मांडीखाली दाबून धरला. मी म्हणालो, "तात्या, तयार आवाज विकत मिळतात. तेवढा एक घेऊ या." ते कडाडले, "दुसऱ्याचा हात माज्या पट्टीवर? न्हाई! त्यापरीस मोकळी र्‍हाऊ दे."

मी मोकळी ठेवली नाही. त्यांचं तोंड मला बघवेना. घरी जाऊन कुणा परक्या वादकाचा लांब गज आणला, लाल टिकलीवर बसवला आणि सांगितलं की तुमचाच आहे, थरथर फक्त काढून टाकलीय. तात्यांनी पट्टी दाबली, डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "लई सरळ आला रं." बस्स. पुढे तो विषय त्यांनी काढला नाही, आणि मी तर त्या कॉम्प्युटरजवळ फिरकायलाच भ्यायचो. मग न्यूमोनियाचं निमित्त झालं.

तेराव्यानंतर सुनीनं बोलावलं. "काका, ते सुरू करा. तात्यांचा लांब गज ऐकायचाय." त्या पोरीला मी एका अनोळखी माणसाचा हात बापाचा म्हणून ऐकवणार होतो. सांगून टाकावं असं वाटलं, पण मी बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला. स्क्रीनवर लाल टिकलीच्या पट्टीपुढे मी 'लांब' एवढंच नाव दिलं होतं. आता तिथं दिसत होतं, 'लांब माजा'.

डाव्या हातानं लाल टिकली दाबली, उजव्यानं एक सूर. थरथरतच निघाला तो... गज तारेवर अडखळत, पुन्हा सावरत. आमचं त्या दिवसाचं फसलेलं रेकॉर्डिंग. म्हातारा माझ्या शेजारी बसून सगळं बघून शिकला होता. माझा लबाड गज त्यानं काढून टाकला, आणि मला एका शब्दानं बोलला नाही.

"हेच की ओ आमचे तात्या," सुनी म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली.

मी सुराची पट्टी दाबूनच धरली होती. बोट उचललं की आवाज थांबणार होता, आणि ते उचलायची मला भयंकर भीती वाटत होती.