दीड इंच वाढलेला शांताराम

शांताराम घाडी एका वर्षात दीड इंच वाढला होता. वय अडतीस.

मी त्याला पुन्हा भिंतीवरच्या पट्टीला उभं केलं. टाचा टेकवा म्हटलं. त्याने टेकवल्या. पाच फूट साडेपाच इंच. मागच्या वर्षीच्या कार्डावर माझ्याच अक्षरात पाच फूट चार लिहिलेलं होतं.  कार्ड पालथं ठेवलं आणि त्याला स्टुलावर बसायला सांगितलं.

गिरण्यांचा संप होऊन गेल्यानंतरची ही गोष्ट. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत चिनीमातीचे फ्यूज आणि इन्सुलेटर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मेडिकल ऑफिसर होते. मूळ कंपनी परदेशी. कामगार बहुतेक कोकणातले. मी मुलुंडहून यायचे, दोन बस बदलून. माझ्याविषयी एवढंच सांगते की मी जात्याच संशयी आहे. आई म्हणायची, ही देवळातला प्रसादसुद्धा आधी हुंगून बघते. डॉक्टरकीत हा गुण कामाला येतो. घरात त्याचं कोणी कौतुक करत नाही.

आता उंचीचा आणि माझ्या कामाचा संबंध सांगते. आमच्याकडे दर वर्षी कामगारांची मेडिकल व्हायची आणि तिच्यात एक फुंकायची टेस्ट असायची. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीतून जोरात, पार शेवटापर्यंत सोडायचा. मशीन कागदावर रेघ काढतं. किती हवा बाहेर आली ते त्यावरून कळतं. मग भिंतीवरचं टेबल बघायचं. अमुक वयाच्या, अमुक उंचीच्या माणसाने किती फुंकायला हवं, ते त्यात लिहिलेलं असतं. उंच माणसाची फुफ्फुसं मोठी, म्हणून उंची लागते.

हे टेबल मूळ कंपनीकडून आलं होतं, म्हणजे तिकडच्या लोकांना फुंकायला लावून बनवलेलं. त्या मापाने आमची बहुतेक माणसं कमी पडायची. धडधाकट वॉचमनसुद्धा कमी पडायचा. मीही एकदा गुपचूप फुंकून पाहिलं आणि कमी पडले. देशादेशांत असा फरक असतो, तो खोटा नाही. अंगाची ठेवण वेगळी, लहानपणचं खाणं वेगळं, चुलीचा धूर, पोरवयातली दुखणी. यातलं किती जन्माचं आणि किती हलाखीचं, हे मात्र टेबल सांगत नाही. टेबलाखाली बारीक अक्षरात एक तळटीप होती: भारतीय कामगारांसाठी अपेक्षित आकडा ठरावीक टक्क्यांनी कमी धरावा.

ही तळटीप मला पहिल्या दिवसापासून खटकत होती. कमी धरल्यावर सगळेच पास होत. वॉचमन पास, ऑफिसातला टायपिस्ट पास आणि गारगोटी विभागही पास. गारगोटी म्हणजे तो पांढरा चकमकीचा दगड. चिनीमातीत मिसळायला आमच्याकडे तो दळायचे. त्याची धूळ पिठाहून बारीक असते. ती फुफ्फुसात गेली की तिथेच राहते, हळूहळू वण धरतात आणि फुफ्फुस आवळत जातं. गेलेलं परत येत नाही. त्या विभागातले दहा-बारा जण जिना चढताना मध्ये थांबतात हे मी डोळ्यांनी बघत होते. कागदावर सगळे नॉर्मल होते. सही माझी होती.

तर उंची पुन्हा मोजण्याआधी शांताराम फुंकला होता. रेघ वर वर गेली. तळटीप बाजूला ठेवली तरी तो पास होता, आणि नुसता पास नव्हे, चांगला पास. मागच्या वर्षी हाच माणूस तळटिपीच्या कृपेने जेमतेम वाचला होता. गारगोटी दळणाऱ्या माणसाची फुफ्फुसं वर्षभरात सुधारत नाहीत. म्हणूनच तर मी जुनं कार्ड काढलं होतं आणि उंची पुन्हा मोजली होती.

मी त्याचे हात बघितले. दळणाऱ्यांच्या नखांच्या कडांत पांढरं बसलेलं असतं, साबणाने जात नाही. ह्याची नखं हिरवट होती आणि हाताला शेणाचा वास होता.

"तुमच्या सुपरवायझरचं नाव काय?" मी विचारलं.

तो नजर खाली घालून म्हणाला, "बाई, गेटवर सांगू नका. दादाची नोकरी जाईल."

तो वसंत घाडी होता, शांतारामचा धाकटा भाऊ. आरे कॉलनीत गुरांच्या युनिटवर कामाला. चेहरा सारखा, मिशी सारखी आणि पासावरचा फोटो पुसट. गेटवरच्या माणसाने हात वर करून आत सोडलं होतं.

मी दार लोटून घेतलं आणि सगळं विचारलं. झालं होतं ते असं. मागच्या मेडिकलनंतर दोन टेंपररी कामगारांना कमी केलं होतं. कारण वेगळंच होतं, पण विभागात बातमी पसरली की फुंकायच्या टेस्टमध्ये नापास झाले म्हणून काढलं. शांतारामला आता बोलतानाही दम लागत होता. घरात तीन मुलं, आणि गिरणीतून बाहेर पडलेल्या मेहुण्याचा संसारही त्याच्याच पगारावर.

"मग तुम्ही खुशाल दुसऱ्याच्या नावाने येऊन बसलात?"

"बाई, बदली आलंय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात लबाडी नव्हती, त्याचंच मला नवल वाटलं. "बाबा गिरणीत होते. बाबा गावाक गेले की त्यांच्या जागेर काका बदली जायचे. दादाक जमत नाय, तर माका जायाक होया. तसाच असता ना आमच्यात?"

गिरणीत माग चालू राहणं महत्त्वाचं, चालवणारा हात कुणाचा का असेना. पिढ्यान्‌पिढ्या हीच रीत पाहिलेल्या माणसांनी ती फुफ्फुसांनाही लावली होती. मला राग आला आणि थोडं हसूही आलं. आणखी किती जण बदलीवर आलेत, असं मी विचारलं. त्याने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

तो गेल्यावर मी गारगोटी विभागाची सगळी कार्डं काढली. यंदाचं आणि मागच्या वर्षीचं शेजारी शेजारी ठेवलं. एक जण पाऊण इंच वाढला होता. दुसरा इंचभर आखूड झाला होता. तिसऱ्याच्या हनुवटीवरचा व्रण गायब. शांताराम धरून चार. विभाग सगळा दोन-तीन गावांतलाच, एकमेकांच्या शब्दावर लागलेला. भावाभावांची कमतरता नव्हती.

आता माझी पंचाईत सुरू झाली. हे वर कळवलं तर चौघांना फसवणुकीबद्दल घरी पाठवतील आणि धूळ होती तिथेच राहील. नाही कळवलं तर मी खोट्या कार्डांवर सही करायची, म्हणजे धूळ होती तिथेच राहील आणि तिला माझा शिक्का मिळेल. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी बसमध्ये उभी असताना डोक्यात आलं की अगं वेडे, ज्याच्याशी तुलना करायला तुला माणूस मिळत नव्हता, तो आपल्या पायाने चालत आला होता.

टेबलातला माणूस परक्या देशातला होता. तळटिपीतला भारतीय कुठला, कोणी पाहिला होता? पंजाबातला का केरळातला? पण वसंत त्याच आईचा, त्याच गावचा, त्याच पेजेवर आणि त्याच धुरात वाढलेला. फरक एवढाच की एक आरेत गुरं बघत होता आणि दुसरा अंधेरीत गारगोटी दळत होता.

मी वसंतला निरोप धाडला की दोघांनी मिळून या. ते यायला चार दिवस लागले. आले ते पहिली शिफ्ट सुटल्यावर, आणि दवाखान्याच्या दारातच उभे राहिले. शांताराम खरोखर पाच फूट चार होता.

"बाई, तुम्ही कंपनीच्या," तो म्हणाला. प्रत्येक दोन शब्दांमागे थांबत होता. "आज गोड बोलाल. उद्या ह्याच कागदावरनं काढाल."

"कंपनीचीच आहे," मी म्हटलं. "मागच्या वर्षी तुम्हाला नॉर्मल मीच लिहिलं. ते चुकीचं होतं की काय, हे मला बघायचंय. कागदावर नाव घालणार नाही."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मला माहीत होतं तो काय करतोय. तो मला हुंगत होता. शेवटी वसंतने त्याला दंडाला धरून स्टुलावर बसवलं.

शांताराम फुंकला. रेघ थोडी चढली आणि आडवी झाली. तीनदा फुंकायला लावलं, तीनदा तेच. मग वसंत फुंकला. मी दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. दीड इंचाच्या उंचीने पडणारा फरक बोटाच्या पेराएवढाही नसतो. इथे दोन रेघांमध्ये माझा पंजा मावत होता. मला शरम वाटली. हा माणूस मागच्या वर्षी माझ्यासमोर बसला होता, असाच धापा टाकत होता, आणि मी तळटीप बघून त्याला पुढे ढकललं होतं.

पुढच्या दोन आठवड्यांत बाकीच्या तिघांना त्यांच्या भावांसकट बोलावलं. एकेक करून आले, संशयाने बघत, पण आले. सगळीकडे तीच तऱ्हा. गंमत म्हणजे चौघांपैकी बिडी ओढणारा कामगार एकही नव्हता, आणि वसंत दिवसाला बंडल संपवायचा. हेही मी लिहून ठेवलं, कारण हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं.

पर्सोनेल मॅनेजर सबनीस सभ्य गृहस्थ. आवाज कधी चढवायचे नाहीत. मी कागद पुढे ठेवले. चार जोड्या, नावं नाहीत, नुसतं कामगार आणि भाऊ.

त्यांनी कागदाकडे न बघता विचारलं, "डॉक्टर, युनियनवाले भेटले होते का तुम्हाला?"

"नाही."

"मग हे अचानक? आपल्या लोकांची छाती लहानच असते. हेड ऑफिसने तशी सूट दिलेलीच आहे. आणि बिड्या?"

बिडीचा रकाना मी बोटाने दाखवला. मग मी म्हटलं, "साहेब, टेबल कुठल्याही देशाचं घ्या. सूट हवी तेवढी द्या. ह्या दोघांची आई एकच आहे. ती सूट दोघांनाही मिळते."

त्यांनी आता कागद हातात घेतला. बराच वेळ वाचला. मी जिची वाट बघत होते ती गोष्ट मग आली.

"हे भाऊ बाहेरचे लोक. फॅक्टरीच्या आत कसे आले?"

खरं सांगितलं असतं तर चार नोकऱ्या गेल्या असत्या. आणि साहेबांना सुटल्यासारखं वाटलं असतं, कारण मग विषय धुळीचा राहिला नसता.

"मी बोलावले," मी म्हटलं. हे अर्धंच खरं होतं; पहिल्या खेपेला ते बदलीवर आले होते.

मला मेमो मिळाला. विनापरवाना बाहेरच्या व्यक्तींना कारखान्यात प्रवेश दिल्याबद्दल. मी रीतसर दिलगिरी लिहून दिली. मात्र कागदांची नक्कल परदेशातल्या हेड ऑफिसला मी स्वतः पोस्टाने पाठवली होती, मेमोच्या आदल्या दिवशी. सबनीसांवर माझा विश्वास नव्हता असं नाही. मी कोणावरच ठेवत नाही.

तिकडून उत्तर यायला दोन महिने लागले. तिकडच्या डॉक्टरने गारगोटी हा शब्द वाचताच विभागातल्या सगळ्यांच्या छातीचे एक्स-रे मागवले. आमच्याकडे खोकला म्हटला की आधी टीबी आठवतो. तिकडे असा कामगार आला की आधी त्याचं काम विचारतात. एक्स-रेमध्ये जे दिसायचं ते दिसलं. त्यानंतर दगड पाणी मारून ओला दळायला लागले, चक्कीवर धूळ ओढणारा पंखा बसला, आणि तळटीप त्या विभागापुरती रद्द झाली. सगळ्यांत जास्त बिघडलेल्या त्या चौघांना पगार तोच ठेवून पॅकिंगला हलवलं. पॅकिंगमधल्या बायकांनी, आमची टेस्ट कधी, असं विचारलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना कोणी कधी फुंकायला बोलावलंच नव्हतं. त्याही त्या वर्षापासून येऊ लागल्या.

शांताराम त्यापुढे दर वर्षी स्वतः यायचा. मी आधी उंची मोजायचे, तो आपणहून टाचा टेकवायचा. रेघ खाली गेली नाही, वरही आली नाही. काही वर्षांनी राजीनामा देऊन गावी गेला. वसंत गणपती झाले की मला गावचं गोड खाजं आणून द्यायचा. दादा कसा आहे विचारलं की म्हणायचा, "बरो हा. इहिरीवरनं घागर आणताना दोनदा बसता."

एक सवय मात्र मला कायमची लागली. रिपोर्टवर सही करण्याआधी मी दोन गोष्टी बघते. समोर बसलाय तो कोण, आणि त्याला मोजलंय ते कोणाच्या मापाने. मेमो कुठेतरी हरवला. शांतारामच्या त्या पहिल्या कार्डाची नक्कल मी जपून ठेवली आहे. त्यावर नॉर्मल लिहिलंय. खालची सही माझी आहे, बदलीवर आलेल्या कुणाची नाही.