तात्या आडवे झाले तेव्हा

अतिदक्षता विभागात मी डॉक्टरांना माझ्या खिशातली बीपीची गोळी देऊ केली होती. समोर खाटेवर नामदेव, माझ्या बायकोचा थोरला भाऊ. पडद्यावर त्याचा रक्तदाब दोनशेच्या वर. आणि मी स्वतः जुना बीपीवाला... म्हणजे या विषयात आपला काही अधिकार आहे, असं मला वाटलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "काका, तुमची गोळी दिवसभर काम करते," त्या म्हणाल्या. "यांचा रक्तदाब तासभरही एका जागी थांबत नाही."

नामदेव जाऊन आता महिना उलटला. सिरसाळ्याकडच्या माझ्या सासुरवाडीत तो दूध सोसायटीचा चेअरमन. दुष्काळात गावातली जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं, तरी हा पहाटे संकलनाला हजर. एक कॅन भरला तरी सोसायटी उघडीच, म्हणायचा. छावणीवर गेला असताना त्याला जुलाबाचं निमित्त झालं. ते थांबले, आणि मग आधी पायांतलं बळ गेलं, मग हातांतलं, शेवटी चेहराही हलेना आणि श्वासाला मशीन लागलं. अंगातली रोगाशी लढणारी ताकदच उलटून नसांवर चालून गेली होती. त्यावर इंजेक्शनं चालू होती. पण ठोके आणि रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या नसांचाही लगाम सुटला होता. सकाळी दोनशे, दुपारी ऐंशी. म्हणून औषध पंपातून, अगदी थोडं थोडं, बंद केलं की काही मिनिटांत ओसरणारं. घशातला कफ ओढताना ठोके एकदम मंदावत, त्याचं इंजेक्शन उशाशी भरून ठेवलेलं. आणि उठवलं की रक्तदाब एकदम कोसळायचा, म्हणून त्याला उठवून बसवायचं नाही, अशी सक्त ताकीद.

ही ताकीद नामदेवच्या गळी कोण उतरवणार? वडीलधारं माणूस दारात आलं की हा अंगात ताप असला तरी उठून बसायचा. त्यात एके दुपारी त्याचे चुलते, ऐंशीच्या घरातले तात्या, आले. त्यांनीच सोसायटी उभी केलेली. नामदेवचे डोळे बहिणीकडे वळले... मला उचल. ती मान हलवून नको म्हणत राहिली. पडद्यावरचा आकडा चढायला लागला, आणि मी नेहमीप्रमाणे कुणालाच उपयोगी नसलेला, त्या आकड्याकडे बघत उभा.

तात्यांनी एकदा नामदेवकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. टोपी काढली आणि शेजारच्या रिकाम्या खाटेवर सरळ आडवे झाले, धोतरासकट. नर्सबाई ओरडायला आल्या आणि तशाच थांबल्या.

"चेअरमन," तात्या छताकडे बघत म्हणाले, "आता मीबी पडलो, तूबी पडून ऱ्हा. कुनी कुनासाटी उटायचं न्हाई."

हळूहळू आकडा उतरला. त्याच आठवड्यात नामदेवचे ठोके मंदावले. उशाशी ठेवलेलं इंजेक्शन दिलं, ठोके परत आले. पुढच्या वेळी मात्र आले नाहीत...

तेराव्यानंतर भेटायला येणाऱ्यांना मी हेच सांगत होतो, की तात्या आडवे झाले आणि एकशे नव्वदचा आकडा कसा एकशे चाळीसवर आला. माणसं हळहळत. बायको ऐकायची, चहा ठेवायची. एकदा सगळे गेल्यावर कपबशा गोळा करता करता ती म्हणाली,

"तुमी सारकं त्या पडद्याकडं बगत व्हते. मी त्याच्याकडं बगत व्हते. तोंड हलत नव्हतं त्याचं... पन दादा हसला व्हता."