देवाआधी लाइनमनचा डबा

आमच्या घरी सत्यनारायणाच्या आधी लाइनमन जेवायचा. म्हणजे अगदी अक्षरशः. श्रावणात पूजा असायची, सव्वा किलो रव्याचा शिरा व्हायचा, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत ज्या शिऱ्याचा कुणी वाससुद्धा घ्यायचा नाही, त्यातला पहिला डाव माझी बायको स्टीलच्या डब्यात काढून झाकण लावून टाकायची. मग चौरंगाकडे बघून म्हणायची, "हा तुझा नाई, भाऊजीचा हाय. रागावू नको." उरलेला मग देवापुढे जायचा. पूजा सांगायला येणाऱ्या महाराजांना हे कळलं असतं, तर ते पुन्हा आमच्या घराची पायरी चढले नसते.

कारण साधं होतं. लाइनमन बौद्ध, आणि नुसता कागदावरचा नव्हे. त्याच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, आणि नातवाला बावीस प्रतिज्ञा नुसत्या पाठ नव्हत्या, तो त्या पाळायचा. टिळा लावून घेणार नाही, देवळासमोर हात जोडणार नाही, प्रसादाला बोट लावणार नाही. पण शिरा म्हटला की गड्याचा जीव खालीवर. "देवापुढं ठेवाच्या आधी तो नुसता रवा, साखर अन् तूप हाय, वयनी. मंग त्यात तुमचा देव घुसते," असं तो म्हणायचा आणि बायको पदर तोंडाला लावून हसायची.

नाचणगावात माझं किराणा दुकान आहे. वीज खात्यानं त्याला आमच्या गावात टाकलं तेव्हा आम्ही दोघंही पंचविशीतले. नाव त्याला होतंच, पण गावात कुणी ते घेत नसे. बायाबापड्यासुद्धा "लाइनमनले सांगा ना बापा, लाइट गेली" असंच म्हणायच्या. मला तो शेट म्हणायचा. त्यात आदरबिदर काही नव्हता, चिडवणंच होतं, सकाळी दुकान उघडलं की बाकावर बसून "काय शेट, आज कोनाले लुटतं?" हा त्याचा रामराम.

त्याचा सगळा भरवसा खिशातल्या टेस्टरवर. वरून फोन यायचा की सप्लाय बंद केला, चढ खांबावर. हा आधी टेस्टर लावणार, मगच तारेला हात लावणार. मी म्हणायचो, "अबे, साहेबानं सांगितलं ना बंद आहे म्हणून?" तर म्हणायचा, "साहेब सांगते, टेस्टर दाखवते. सांगितलेलं मी कोनाचंच मानत नाई, तुझ्या देवाचं बी नाई." त्याच्याबरोबर नोकरीला लागलेले दोघं खांबावरच गेले होते. त्यामुळे या एका बाबतीत मी त्याच्याशी वाद घातला नाही. बाकी सगळ्या बाबतीत घातला.

वाद म्हणजे काय विचारता! गिऱ्हाईक साखर मागत उभं आणि आम्ही दोघं पुनर्जन्मावर भांडतोय. मी म्हणायचो, तुझा धर्म म्हणजे नुसता नन्नाचा पाढा, हे नाही, ते नाही, मग आहे तरी काय? तो म्हणायचा, "तुमच्याकडं देव तेहतीस कोटी, अन् फ्यूज उडाला का फोन मले." एकदा मी फार चिडलो. माझी आई गेली तेव्हा त्यानं तिरडीला खांदा दिला, लाकडं रचली, दोन दिवस पोटच्या पोरासारखा राबला, आणि तेरवीला जेवायला बसला नाही. बाहेर ओट्यावर बसून येणाऱ्यांना पाणी देत राहिला. मी चार लोकांत त्याला म्हणालो, "माझ्या आईचा घास तुला जड झाला?" दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी आला, बायकोला म्हणाला, "वयनी, आज साधं पिठलं टाका. आज मायच्या नावानं जेवतो." पोटभर जेवला आणि जेवता जेवता आईची आठवण काढून ढसाढसा रडला. मी मात्र माझं वाक्य परत घेतलं नाही. मला वाटलं, त्यानंच समजून घ्यावं.

माझी ही खोड जुनी. त्याचं मला सगळं चालायचं आणि त्याचा मला भारी गर्व होता. बुद्धपौर्णिमेची त्याच्याकडची खीर मी भर दुकानात बसून खायचो, चार लोकांना दिसेल अशी. विहारात मात्र कधी गेलो नाही. फाटकापर्यंत जायचो, तिथूनच हाक मारायचो. त्यानंही कधी ओढलं नाही आत. तो कुणाला ओढणारा नव्हताच, आणि कुणाच्या ओढण्यानं येणाराही नव्हता. एका गणपतीत मंडळाच्या पोरांनी तारेवर आकडा टाकून रोषणाई केली, यानं ऐन आरतीत आकडा काढला. पोरं जातीवर घसरली. पुढच्या जयंतीला त्याच्याच वस्तीतल्या पोरांनी तसाच आकडा टाकला, तोही यानं काढला. तेव्हा तीही घसरली, "शेटचा मानूस" म्हणून. माझ्या दुकानात येऊन म्हणाला, "दोन्हीकडच्यायनं शिव्या देल्या. म्हंजे काम बरोबर झालं."

रिटायर झाल्यावर त्यानं विहाराची किल्ली आपल्याकडे घेतली. रविवारी सकाळी वंदना, नंतर पोरांचा वर्ग. वीस-पंचवीस पोरं यायची. त्यांना गणितही शिकवायचा आणि प्रश्न विचारायलाही शिकवायचा. मला म्हणाला होता, "शेट, नोकरीत तारा जोडल्या, आता हे पोरं जोडतो. हेच माझं खरं काम." इतका खुशीत मी त्याला आधी पाहिला नव्हता.

आणि मग तो आजारी पडला. मूत्रपिंडाचं दुखणं, अंगात ताप, सुजलेले पाय. सावंगीच्या दवाखान्यात तीन आठवडे होता. त्याचा मुलगा सिंदी मेघेला राहतो, तो आणि मी पाळीपाळीनं बसायचो. डॉक्टर पोरसवदा, पण जिवापाड झटले. एक दिवस लाइनमननं डोळेच उघडले नाहीत. मी बाहेर येऊन जिन्यात बसलो आणि नवस बोललो: हा उठला तर सत्यनारायण घालीन आणि प्रसाद याच्या मुखी घालीन. घाबरलेला माणूस काय बोलतो त्याला धरबंध नसतो. पण बोललो खरा. तो उठला.

आता ज्यांच्या घरी ही पूजा होते त्यांना सांगायला नको. कथा ऐकली आणि प्रसाद टाकून गेला, त्याचं काय वाटोळं होतं ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. मी शिकलेला माणूस, पण ती भीती हाडात बसलेली. पूजा झाली. बायकोनं दरवर्षीप्रमाणे डबा आधीच काढून ठेवला होता. आरती होऊन सगळे बाहेर गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो, त्या डब्यातला शिरा कढईत ओतला, आणि देवापुढच्या पातेल्यातला प्रसाद, वरचं तुळशीचं पान काढून टाकून, डब्यात भरला. बायकोनं दारातून पाहिलं. "नका करू असं," ती म्हणाली. "देवाले बी फसवता अन् भाऊजीले बी." मी तिला गप्प केलं. म्हटलं, त्याच्याच जिवासाठी करतोय.

डबा मीच घेऊन गेलो. खाटेवर उशीला टेकून बसला होता, हात काटकुळे झालेले. "आधीचाच हाय ना बे?" त्यानं हसत विचारलं, दरवर्षी विचारायचा तसंच. मी म्हटलं, "आधीचाच." आयुष्यात ही एकच गोष्ट तो टेस्टर न लावता घ्यायचा. सगळा खाल्ला, बोटं चाटली.

हे तिथंच राहिलं असतं. पण माझं तोंड! दोन महिन्यांनी मंडळाची माणसं देवीच्या वर्गणीला दुकानात आली. एकजण म्हणाला, "तुमचा तो लाइनमन लय माजोरडा. आपल्या प्रसादाले विटाळ मानते." मला राग आला. त्याचीच बाजू घेत होतो मी, खरं सांगतो. म्हटलं, "कोण म्हणतो? यंदा खाल्ला त्यानं, माझ्या घरचा सत्यनारायणाचा खाल्ला. म्हणून तर उठून बसला." बोलताना छाती किती फुगली होती माझी! संध्याकाळपर्यंत ते गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होतं, हात जोडलेल्या चित्रांसकट. शेवटी तोही देवाला शरण आला, असं कुणीतरी लिहिलं होतं.

पुढच्या रविवारी विहारात त्याला सगळ्यांसमोर विचारलं. त्यानं एवढंच सांगितलं, "हाव, खाल्ला." फसवून दिला का, असंही कुणी विचारलं, त्याला वाट करून द्यायलाच. त्यावर म्हणे तो म्हणाला, "ते माझ्या अन् शेटच्या मधलं हाय." कमिटीच्या लोकांनी मान खाली घातली. त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. पोरांच्या आयांनी पोरांना वर्गाला पाठवणं बंद केलं, कारण जो स्वतःच पाळत नाही तो काय शिकवणार. ज्याला तो आपलं खरं काम म्हणायचा, ते एका रविवारात संपलं.

मी गेलो. जायलाच पाहिजे होतं. अंगणात लिंबाच्या सावलीत बसला होता. बस म्हणाला नाही.

"डबा कोनता होता?" त्यानं विचारलं.

"नंतरचा," मी म्हटलं.

"मले वाटलंच. तुळशीचा वास येऊन राह्यला होता. म्हटलं, वयनीचा हात लागला असन." अंगावर पडलेलं लिंबाचं पान त्यानं झटकलं. "मंग इचारलं काऊन नाई मले?"

"तू नाही म्हटलं असतं."

"हाव. नाई म्हटलं असतं." आवाज चढला नव्हता त्याचा. "तेवढ्यासाठीच नाई इचारलं तू. माझी खीर चालते तुले, माझा खांदा चालते, मी चालतो. माझी 'नाई' नाई चालत. इतक्या वर्षांत तुले वाटलंच नाई का ह्याच्या नाईले बी काही किंमत हाय."

मी रडलो. म्हटलं, विहारात येतो, सगळ्यांसमोर सांगतो की मी खोटं बोललो. तो म्हणाला, "सांग. ते तुझं हाय, म्हनून मी नाई सांगितलं. रविवारी नऊ वाजता वंदना राह्यते. येजो."

पहिल्या रविवारी दुकानात माल उतरायचा होता. दुसऱ्या रविवारी देवळीला लग्न. तिसऱ्या रविवारी गुडघा धरला, म्हणजे धरला असं मी म्हणालो. बायको दर रविवारी सकाळी माझा इस्त्रीचा सदरा खाटेवर काढून ठेवायची, बोलायची काही नाही. मला कशाची भीती होती? गावात तोंड दाखवता आलं नसतं, गिऱ्हाईक तुटलं असतं, मंडळवाले म्हणाले असते शेट तिकडं जाऊन नाक घासून आला. यातलं काय खरं झालं असतं, देव जाणे. पाच-सहा महिन्यांनी तिनं सदरा काढणं बंद केलं. लाइनमन कधीमधी दुकानात यायचा, काडेपेटी नाहीतर साबण घ्यायचा, पैसे द्यायचा. बाकावर बसायचा नाही. त्या विषयावर एक अक्षर बोलला नाही. श्रावणात बायकोनं सवयीनं डबा काढला; त्याच्याकडे न्यायची माझी छाती झाली नाही.

यंदा उन्हाळ्यात तो गेला. दुखणं उलटलं आणि चार दिवसांत आटोपलं.

शोकसभा विहारातच होती. मी पहिल्यांदा आत गेलो. स्वच्छ खोली, समोर बुद्धाची मूर्ती, भिंतीला पोरांच्या हातचे पाढ्यांचे तक्ते. वर्गातली ती पोरंही होती, मिसरुडं फुटलेली, मागं भिंतीशी उभी. ज्यांनी त्याला प्रश्न विचारला होता ते पुढच्या रांगेत. बायको बायांमध्ये बसली होती आणि माझ्याकडे एकटक बघत होती. मुलानं माझ्या हातात माइक दिला. म्हणाला, "काका, तुमी बाबाचे सर्वात जुने मित्र."

सगळे होते तिथं. ज्यांना सांगायचं होतं ते एकूण एक. तोंडात ते वाक्य तयार होतं, "त्यानं प्रसाद खाल्ला नव्हता, मी फसवून खाऊ घातला." मी माइकवर त्यानं वादळात रात्रभर लाइन जोडली ती गोष्ट सांगितली. आकडा काढल्याची सांगितली, लोक हसले. माझ्या आईच्या तिरडीला त्यानं खांदा दिला ते सांगितलं, बायांनी डोळे पुसले. धर्म वेगळे असले तरी मनं एक असतात, असलंही काहीतरी बोललो. टाळ्या नव्हत्या वाजवायच्या, तरी दोघा-तिघांनी वाजवल्या. मी खाली बसलो. मान वर केली तेव्हा बायको तिच्या जागेवर नव्हती.

निघताना मुलगा फाटकापर्यंत आला. माझे दोन्ही हात हातात घेतले. "लय चांगलं बोलले, काका. मी रविवारी घरी येत होतो ना, बाबा दर रविवारी आंघोळ करून, पांढरे कपडे घालून अंगनात बसत. म्हनत, शेट येईन आज. शेवटच्या रविवारी बी म्हटलं. कायले यायचं होतं तुमाले, ते काही सांगितलं नाई त्यायनं. कायले, काका?"

"काही नाही रे," मी म्हटलं. "असंच." आणि चपला शोधायला लागलो.