फोनला सांगितलेली गोष्ट

लेखक व्हायला पुण्यातच जन्मावं लागतं, अशी माझी बरीच वर्षं खात्री होती. फोन हातात आला आणि ती खात्री गेली. फुलसावंगीसारख्या लहान गावात बसल्याबसल्या मला फुकटात शब्दकोश मिळाला, समानार्थी शब्द मिळाले, कथा कशी लिहावी ते सांगणारे व्हिडिओ मिळाले, आणि नवख्या लेखकांचा एक ऑनलाइन गटही मिळाला. गटात दर रविवारी एक विषय देतात. त्यावर आपण लिहून टाकायचं, मग बाकीचे बरंवाईट सांगतात. शाळेतल्या वह्या तपासून तपासून माझं मनगट कामातून गेलेलं, म्हणून मी टाइप करत नाही. माइकची खूण दाबायची आणि बोलायचं, फोन लिहून घेतो. या सोयीवर मी इतकी खूश होते की शाळेतल्या बाकीच्या बाईंनाही शिकवत सुटले होते.

त्यात एक गोम आहे, ती कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. बोलून लिहिलेलं घरभर ऐकू जातं.

माझं घर म्हणजे दोन खोल्या, वर टिनं, आणि टिनांपर्यंत न पोचलेली मधली भिंत. मी लग्न केलं नाही, त्यामुळे हे घर माझ्या एकटीचं होतं. आई गेल्यावर बाबा यवतमाळहून माझ्याकडे राहायला आले. आयुष्यभर एसटीत कंडक्टर, शेवटच्या सीटवरची कुजबुजही त्यांना ऐकू यायची. त्यांचा त्रास म्हणावा असा काही नाही. पण माणूस घरात असतो. कुठं निघाली, कवा येशील, जेवली का, असं विचारत राहतो. मी चिडते, आणि चिडले म्हणून पुन्हा स्वतःवर चिडते.

त्या रविवारी गटाचा विषय होता, ज्याची भीती वाटते ते घडून गेलंय असं समजून लिहा. सोबत सल्ला, पात्राच्या मनातलं लपवू नका. उन्हाळ्याची दुपार होती, बाबा शेजारी पत्ते खेळायला गेले होते. मी कूलरसमोर बसले आणि सुरू केलं. गोष्टीतल्या मुलीचे वडील वारतात. कूलरच्या घरघरीत फोनला नीट ऐकू जाईना, म्हणून आवाज चढवला. 'बाबा गेले.' उमटलं नाही. 'बाबा गेले!' वर्गाला श्रुतलेखन घालावं तशी मी बापाला पुन्हा पुन्हा मारत होते, आणि मला मजा येत होती. हे लिहिताना लाज वाटते. माणसं पांगतात, मुलगी दाराला आतून कडी लावते. मग मी खणखणीत म्हटलं, 'घर पुन्हा आपलं झालं, या विचारानं रडण्याआधी तिला हलकं वाटलं.'

तेवढ्यात लाईट गेली. कूलर थांबला, आणि भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला.

जाऊन पाहिलं तर बाबा पलंगावर बसले होते, टोपी हातात.

"तुमी कवा आले, बाबा?"

"झाला थोडा वेळ. पत्ते जमले नाही आज."

"मी ते... गोष्ट लिहून राह्यलती."

"मंग लिही नं. मी काही म्हनलं काय?"

खरंच काही म्हटलं नाही त्यांनी. फक्त विचारणं बंद केलं. मी कुठं निघाले, कधी येणार, काही नाही. पाहुण्यासारखे वागायला लागले. जेवलेलं ताट स्वतः घासून ठेवायचे, मी घरात असले की बाहेर ओट्यावर बसायचे. एकदा माझ्या भावाला फोनवर विचारताना ऐकलं, "जागा हाय काय रे तुह्याकडं?"

गोष्ट मी त्याच संध्याकाळी गटात टाकली होती, हेही सांगून टाकते. लोकांना फार आवडली. त्या हलकं वाटण्याच्या वाक्याखाली तर लाल बदामांच्या खुणांची रांग लागली. भिंतीपलीकडच्या माणसाचं काय करायचं, हे मात्र गटात कुणाला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटी न राहवून मी म्हटलं, "बाबा, आख्खी गोष्ट ऐका तं खरं." पुढे ती मुलगी किती रडते, वडिलांची टोपी धुवायलाही तिचं मन होत नाही, हे त्यांना कळावं म्हणून. ते समोर बसले. मी वाचलं. कडी लावल्यानंतर थेट रडण्यावर आले.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मधातलं एक वाक्य सोडलं तुनं."

"चुकून सुटलं."

"फोनमंधून खोडलं काय?"

मी नाही म्हणून मान हलवली. खोडायला बोट नेलं होतं, पण गोष्टीत तेवढंच वाक्य खरोखर जमलेलं होतं, आणि ते माझ्याच्यानं खोडवलं नाही.

"नको खोडू," बाबा म्हणाले. "चांगलं हाय ते." मग उठत म्हणाले, "तुह्या भावाले फोन लावून दे. मी येतो म्हनून सांगतो त्याले."

नका जाऊ, असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार होते? मी फोन लावून दिला.